फेअर कॉपी

लिफ्टची देखभाल करणाऱ्या त्या कंपनीत बाईंना नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे त्यांना फेअरबाई म्हणत. रंगाचा त्यात काही संबंध नव्हता. मेकॅनिक मंडळी इमारतींच्या माथ्यावर, मशीनच्या खोलीत, ग्रीसनं माखलेल्या बोटांत पेन्सिलीचं थोटूक धरून पिवळ्या पॅडवर रिपोर्ट खरडायची, आणि त्या खरडीची फेअर कॉपी करून गिऱ्हाइकाला पाठवायचं काम बाईंकडे होतं. रिपोर्ट इंग्रजीतच हवा, हा साहेबांचा दंडक. इंग्रजी कागदाला वजन असतं म्हणे. आता मेकॅनिकचं इंग्रजी ते मेकॅनिकचं इंग्रजी. 'डोअर नो शट. किक, देन शट,' असा कागद आला की बाई चष्मा कपाळावर सरकवून मनसोक्त हसायच्या, आणि मग टाइप करायच्या की दरवाजा बंद व्हायला जरा 'पर्सुएशन' लागतं, म्हणजे त्याची थोडी मनधरणी करावी लागते. असलं वाक्य वाचून साहेब खूश व्हायचे. बाई तर दिवसभर खूश असायच्या.

ही हौस त्यांना लागली त्यालाही एक कारण होतं. लग्नाआधी त्या एका कचेरीत नोकरी विचारायला गेल्या होत्या. खिडकीपलीकडची मॅडम गोड आवाजात म्हणाली, 'आय अ‍ॅम अफ्रेड, नो.' ह्यांनी तितक्याच गोडव्यानं तिला धीर दिला, 'डोन्ट बी अफ्रेड, मॅडम.' अख्खी कचेरी हसली. दुसरी एखादी मुलगी रडत घरी गेली असती. ह्या दातओठ खात गेल्या. त्या दिवसापासून रोज एक जोडी लिहायची हे व्रत. दोन इंग्रजी वाक्प्रयोग घ्यायचे, दिसायला सख्खे भाऊ, आणि खाली मराठीत त्यांच्यातला फरक लिहायचा. 'बघतो', 'बघू' आणि 'बघून घेईन' यांतला फरक आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं, मग इंग्रजीतला आपल्याला का येऊ नये, असा त्यांचा रोकडा सवाल होता. त्यांच्या जोड्या अशा असत: 'विथ रिस्पेक्ट: तुमचा मान ठेवून. विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट: तुमचा मान गेला खड्ड्यात.' 'यू मस्ट कम: ये. यू मस्ट कम समटाइम: येऊ नकोस.' 'आय अ‍ॅम सॉरी: चूक माझी. आय अ‍ॅम सॉरी यू फील दॅट वे: चूक तुझी.'

त्यासाठी वह्या विकत आणणं बाईंच्या स्वभावात बसत नव्हतं. फेअर कॉपी झाली की पेन्सिलीचा पिवळा कागद फाडून टोपलीत टाकायचा, अशी ऑफिसची रीत होती. बाई टाकायच्या, पण फाडायच्या नाहीत, आणि टाकलेला पुन्हा उचलायच्या. मागची बाजू कोरी करकरीत असताना कागद फाडणं त्यांच्या अगदी जिवावर यायचं. संध्याकाळी तो पर्समध्ये घालून घरी न्यायचा, त्या दिवसाची जोडी मागच्या बाजूला लिहायची, खाली तारीख टाकायची आणि गठ्ठ्यात सरकवायचा. अकरा वर्षांचे असे गठ्ठे नाडीनं बांधून कपाटावर रचलेले होते. सासूबाई त्यांना 'तुझी डिग्री' म्हणत. आणि त्या डिग्रीची धूळही त्याच झटकत.

सोमवारी सकाळी लिफ्ट पडली.

पाच मजली इमारत. चौथ्या मजल्यावर एक शिवणकाम करणाऱ्या ताई राहत. शिवून झालेल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन त्या खाली निघाल्या. लिफ्ट तळमजल्यावर थांबायची ती थांबलीच नाही. ब्रेकनं तिला धरलं नाही, आणि ती तशीच खालच्या खड्ड्यात जाऊन आदळली. ताईंचे दोन्ही पाय घोट्यात मोडले. शिलाई मशीन पायानं चालवणारी बाई ती.

अकराच्या सुमाराला मिस्त्री ऑफिसात आला. मिस्त्री म्हणजे कंपनीतला सगळ्यात जुना मेकॅनिक, सव्वीस वर्षं लिफ्टच्या दोरांना लोंबकळलेला माणूस. कानावर पेन्सिल, खिशात फडकं, आणि बोलणं रिपोर्टसारखंच, मोजून चार शब्द. त्या दिवशी मात्र तो उभ्या उभ्याच बोलत सुटला.

"बाई, त्या इमारतीचा रिपोर्ट मी दिला होता ना?"

"दिला असणारच. तुम्ही कधी विसरलाय?"

"दोन महिने झाले. ब्रेकचं लायनर संपलं होतं. मी मेन स्विच पाडला, बंदची पाटी लावली, कागद इथं आणून दिला. साहेब म्हणाले, पुढचं ऑफिस बघेल, तुम्ही दुसऱ्या साइटवर जा. तो इमारतीचा मॅनेजर आता म्हणतोय, पाटी मीच काढायला सांगितली. मी कशाला सांगेन? तुम्ही कागद पाठवला होता ना?"

"त्याच दिवशी पाठवला."

"मग झालं," मिस्त्रीनं श्वास सोडला. "तुमच्या हातचा कागद गेलाय म्हणजे चिंता नाही. तुम्हाला सांगतो, तुम्ही टाइप केलेला माझा एक रिपोर्ट मी घरी भिंतीवर लावलाय. मागच्या वर्षी तुमच्याकडून एक जादाची प्रत मागून नेली होती बघा. पाहुणे आले की बायको सांगते, हे ह्यांनी लिहिलंय."

तो गेला आणि बाईंनी कॉम्प्युटरवर ते पत्र उघडलं. ब्रेकचे लायनर झिजलेले आढळले आहेत, असं पहिलं वाक्य होतं. दुसरं होतं, 'रिप्लेसमेंट मे बी कन्सिडर्ड अ‍ॅट युअर कन्व्हीनियन्स.' सवडीनं बदलायचा विचार करावा. तिसऱ्यात तोवर वापर बेताचा ठेवल्यास बरं, असं सुचवलं होतं. वाक्यं कशी डौलदार होती! स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. मॅनेजरनं हे पत्र वाचलं असणार आणि म्हटलं असणार, अरे, कंपनीच म्हणतेय सवडीनं करा, मग चार मजले जिने कशाला चढायचे? पाटी काढली, स्विच वर केला. त्याच्या जागी कुणीही हेच केलं असतं.

बाईंची नजर टेबलावरच्या काचेखाली गेली. तिथं साहेबांच्या हस्ताक्षरातला तक्ता होता, वर्षभरापूर्वी त्यांनी स्वतः आणून सरकवलेला. डावीकडे मेकॅनिकचे शब्द, उजवीकडे त्याऐवजी काय लिहायचं ते. 'डेंजर' असेल तिथं 'कन्सर्न'. 'नो रन' असेल तिथं 'लिमिटेड यूज'. 'मस्ट' असेल तिथं 'मे बी कन्सिडर्ड'. "बाई, घाबरलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीकडे पळतं," साहेब तेव्हा म्हणाले होते, "आणि ही नजाकत फक्त तुम्हालाच जमेल." नजाकत ह्या शब्दानं बाई त्या दिवशी जमिनीपासून चार बोटं वर चालत घरी गेल्या होत्या. आता त्यांना स्वतःच्याच एक ठेवून द्यावीशी वाटली.

दुपारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. शुक्रवारी सरकारी निरीक्षक चौकशीला येणार होते, आणि कंपनीचा खुलासा तयार ठेवायचा होता.

"घ्या लिहून," साहेब खुर्चीत रेलून म्हणाले. "द मेकॅनिक फेल्ड टु इन्फॉर्म..."

बाईंची बोटं थांबली. 'डिड नॉट इन्फॉर्म' म्हणजे कळवलं नाही. 'फेल्ड टु इन्फॉर्म' म्हणजे कळवणं त्याचं कर्तव्य होतं आणि त्यात तो नापास झाला. पहिल्यात नुसती घटना आहे, दुसऱ्यात गुन्हा. आणि इथं तर दोन्ही धडधडीत खोटी.

"साहेब, मिस्त्रींनी कळवलं होतं."

"कागद आहे?"

"पेन्सिलीचा कागद त्यांनी दिला होता."

"पेन्सिलीचे कागद आपण फाडतो. बरोबर? मग उरते तुमची फेअर कॉपी. तीत गंभीर असं काहीच नाही. मिस्त्रीला गंभीर वाटलं असतं तर तसं आलं असतं ना?"

"तसं आलं होतं. ते शब्द मी बदलले. तुमच्या तक्त्याप्रमाणे."

"कुठला तक्ता?" साहेबांनी इतक्या निरागसपणे विचारलं की क्षणभर बाईंनाच वाटलं, आपल्याला स्वप्न पडलं होतं की काय.

"'फेल्ड टु' मी टाइप करणार नाही, साहेब," बाई उठल्या. "तुमचं तुम्ही करा."

साहेबांचा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नसे. "बसा हो. समजा, असला एखादा कागद निघालाच, तर पहिला प्रश्न काय येईल? मिस्त्रीनं काय लिहिलं, हा नाही. बदललं कुणी, हा. मिस्त्रीचा परवाना वाचवायला जाल आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्याल. काळजी करू नका, मी तुम्हाला सांभाळून घेईन."

बाई बसल्या नाहीत. त्या बाहेर आल्या, आणि संध्याकाळपर्यंत साहेब केबिनमध्ये दोन बोटांनी टक् टक् करत स्वतःचा खुलासा स्वतः टाइप करत बसले. दुसऱ्या दिवशी बाई डबा खाऊन जागेवर परतल्या तर काचेखालचा तक्ता नाहीसा झाला होता. त्या जागी एक कॅलेंडर होतं. त्यावर मांजरीची दोन पिल्लं एका टोपलीतून बघत होती.

"चोराच्या उलट्या बोंबा," बाई पिल्लांना म्हणाल्या.

त्या संध्याकाळी घरी आल्याबरोबर त्यांनी स्टूल घेतलं आणि कपाटावरचे गठ्ठे खाली ओढले. नवरा नोकरीनिमित्त परगावी, महिन्यातून दोन दिवस घरी. घरात त्या आणि सासूबाई दोघीच. सासूबाई निवृत्त नर्स, गुडघ्यांनी राजीनामा दिलेला पण जिभेनं अजून नोकरी न सोडलेली. त्या पलंगावर बसून बघत राहिल्या.

"काय गं, डिग्री परत करतेस की काय?"

कागद सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. तारखेनं लावलेले होते. मिस्त्रीची ती ओबडधोबड अक्षरं, कोपऱ्यात ग्रीसचा अंगठा. 'ब्रेक लायनर फिनिश. मस्ट चेंज. नो रन. पीपल विल हर्ट.' 'मस्ट'च्या खाली तीन रेघा. तिसरी इतकी जोरात ओढलेली की पेन्सिल कागदात रुतली होती. दोन महिन्यांपूर्वी हे वाचून आपण हसलो होतो का, हे बाईंना आठवेना. बहुतेक हसलोच असू.

त्यांनी कागद उलटला.

मागच्या बाजूला त्यांचंच टपोरं अक्षर. 'मस्ट: न केल्यास कुणाला तरी लागेल. शुड: केलेलं बरं. मे बी कन्सिडर्ड: नाही केलं तरी चालेल, फक्त आपण सांगितल्याचं राहतं. (साहेबांच्या तक्त्यातली जोडी. आज मिस्त्रींच्या रिपोर्टात वापरली. फार सफाईदार बसली.)' आणि खाली तारीख, आठवणीनं टाकलेली.

सासूबाईंनी चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या. इंग्रजी त्यांना औषधांच्या बाटल्यांपुरतं येत होतं, पण मराठी तर येत होतं.

"पुढच्या बाजूनं मिस्त्री सुटेल?" त्यांनी विचारलं.

"सुटेल."

"मग पुढच्या बाजूची तेवढी झेरॉक्स काढ. मागचं कुणाला दाखवायचंय कशाला? बावळटपणानं झालं म्हणतील, दोन दिवस बोलतील, गप्प बसतील. नोकरी राहील."

"हं."

"हं काय?"

सासूबाईंनी कागद परत दिला आणि पाय पलंगावर घेतले.

"हे मी सासू म्हणून सांगितलं. नर्स म्हणून विचारशील तर अठ्ठावीस वर्षं वॉर्डात काढली मी. 'पेशंट जरा अस्वस्थ आहे' आणि 'पेशंट जातोय, ताबडतोब या' यांतला फरक मी एकदाही मऊ केला नाही. डॉक्टर झोपेतून उठायचे, अंगावर ओरडायचे. ओरडोत. माझं काय जात होतं? आता तुझं तू बघ."

बाईंनी दुसऱ्या दिवशी पुढच्या बाजूची झेरॉक्स काढली. झेरॉक्स पर्सच्या एका कप्प्यात ठेवली आणि मूळ कागद दुसऱ्या. दोन रात्री त्यांना धड झोप लागली नाही. भीती वाटत होतीच, खोटं कशाला बोला. अकरा वर्षांची नोकरी, ह्या वयात दुसरी कोण देणार? आणि निरीक्षकांनी मनावर घेतलं तर नोकरीवर थांबणार होतं थोडंच. पण भीतीच्या बरोबरीनं एक जुनी चीडही जागी झाली होती, आणि ती नेमकी कुणाची आहे हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

शुक्रवारी ऑफिसातल्या लांब टेबलाभोवती सगळे बसले. निरीक्षक म्हणजे पांढऱ्या मिशांचे, शांत, समोरच्याला बोलू देणारे गृहस्थ. त्यांच्या शेजारी त्यांचा लेखनिक, लॅपटॉप आणि छोटा प्रिंटर घेऊन. पलीकडे इमारतीचा मॅनेजर, साहेब, आणि टोकाला मिस्त्री. धुतलेला शर्ट घालून आला होता बिचारा, पण पेन्सिल सवयीनं कानावर तशीच होती.

मॅनेजरनं बाईंचं पत्र वाचून दाखवलं. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून इतकं सावकाश बाईंनी कधी ऐकलं नव्हतं. 'मे बी कन्सिडर्ड'शी आल्यावर निरीक्षकांनी हात वर केला.

"मिस्त्री, तुम्ही म्हणता, लिफ्ट चालवू नका असं तुम्ही लिहून दिलं. ह्या पत्रात तर तसं नाही."

"मी लिहिलं होतं, साहेब. तीन रेघा मारल्या होत्या."

"प्रत?"

"नाही."

"दुर्दैवानं आमच्याकडेही तशी कुठली नोंद नाही," साहेब हळहळून म्हणाले. "सव्वीस वर्षं काम केलेला माणूस आहे. वाईट वाटतं."

"नोंद आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी झेरॉक्स टेबलावर ठेवली.

निरीक्षकांनी ती वाचली. मॅनेजरनं मान लांब करून वाचली. मिस्त्रीनं तर हातच लावला त्या कागदाला, हरवलेली वस्तू मिळाल्यासारखा. साहेबांचा चेहरा पडला, पण फार वेळ नाही. पडल्या पडल्या उठणारा माणूस होता तो.

"अरेरे," ते म्हणाले, आणि आवाजात खरीखुरी माया आणून बाईंकडे वळले. "म्हणजे तसा गोंधळ झाला तर! मला हे आजच कळतंय. निरीक्षकसाहेब, बाईंना दोष देऊ नका. प्रामाणिक आहेत, कष्टाळू आहेत. पण इंग्रजी तसं कच्चंच. कुठं रीतसर शिकलेल्या नाहीत. 'मस्ट' काय आणि 'मे बी' काय, त्यांना दोन्ही सारखंच. फरक कळला नाही. कारकुनी चूक."

त्यांनी बाईंकडे बघून डोळ्यांनीच हलकी खूण केली. सांभाळून घेईन म्हटलं होतं, ते हे असं. दार उघडं होतं. नुसती मान हलवायची आणि बाहेर पडायचं. मिस्त्रीचा परवाना शाबूत, बाईंची नोकरी शाबूत, आणि साहेब तर मुळातच शाबूत.

"असं होतं कधी कधी," निरीक्षकही नरम झाले. "बाई, फरक लक्षात आला नाही, असंच ना?"

तेवढ्यात टोकाकडून मिस्त्री बोलला. हलक्या आवाजात, आणि तेही त्यांच्या बाजूनं.

"जाऊ द्या साहेब. बाईंना नसेल कळलं. मुद्दाम कशाला करतील त्या?"

साहेबांचा डाव बाई पचवूही शकल्या असत्या. मिस्त्रीची कीव मात्र त्यांच्या घशाखाली उतरेना. ज्याचा कागद आपण मऊ करून मातीत घातला तोच आपल्याला अडाणी समजून माफ करतोय, आणि आपण मान हलवायची? खिडकीपलीकडची ती मॅडम, ती हसणारी अख्खी कचेरी, सगळे पुन्हा समोर येऊन बसल्यासारखे झाले. फरक इतकाच, की त्या दिवशी त्यांना खरंच कळलं नव्हतं.

त्यांनी पर्सचा दुसरा कप्पा उघडला, पिवळा कागद काढला आणि निरीक्षकांसमोर ठेवला. मागची बाजू वर करून.

"मला कळत होतं," त्या म्हणाल्या. "वाचा. मोठ्यानं वाचा."

निरीक्षकांनी वाचलं. 'न केल्यास कुणाला तरी लागेल.' पुढचं वाचताना त्यांचा आवाज खाली गेला. 'फार सफाईदार बसली' वाचून त्यांनी चष्मा काढला.

"ही तारीख अपघाताच्या दोन महिने आधीची आहे," ते म्हणाले.

"हो. त्याच संध्याकाळी लिहिलंय. असे अकरा वर्षांचे कागद आहेत घरी. हवे तर सगळे आणून देते. हवा तो रिपोर्ट काढा, मिस्त्रींनी काय लिहिलं आणि गिऱ्हाइकाला काय गेलं ते ताडून बघा. साहेबांचा तक्ता ज्या दिवशी मला मिळाला त्या दिवशीच्या कागदावर तो अख्खा उतरवलेला आहे. काचेखालून तक्ता उचलून मांजरं ठेवता येतात, साहेब. अकरा वर्षं उचलता येत नाहीत."

साहेब उठून उभे राहिले होते. "ही खाजगी टिपणं आहेत. ह्यांना काय अर्थ आहे? विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट, बाई..."

"त्याचा अर्थही ठाऊक आहे मला," बाई म्हणाल्या. "तोही लिहून ठेवलाय."

लेखनिकाला हसू फुटलं आणि त्यानं ते खोकून झाकलं. बाई हसल्या नाहीत. त्यांचा आवाज खणखणीत लागला होता आणि तो आता त्यांना थांबवायचाही नव्हता.

"मला इंग्रजी येत नाही असं ह्या खोलीत कुणी म्हणायचं नाही. मला येतं. 'मस्ट'चं 'मे बी' केल्यानं काय होतं हे मला येत होतं, म्हणून तर मी ते इतकं बेमालूम केलं. न कळणारीनं 'मस्ट' तसाच ठेवला असता, आणि त्या ताई आज पायांवर उभ्या असत्या. साहेबांनी सांगितलं, हे खरं. पण हात माझे होते. साहेबांची शाबासकी मला गोड लागत होती. माझी चूक अडाणीपणाची नाही, आणि ती तशी मी कुणाला करू देणार नाही."

मॅनेजर स्वतःच्या हातातलं पत्र घडी करून उलगडत होता. निरीक्षकांनी मिस्त्रीला सांगितलं की त्याच्या परवान्याला हात लागणार नाही. मग साहेबांना सांगितलं की कंपनीचे सगळे जुने रिपोर्ट आजच्या आज ताब्यात घेतले जातील. साहेब पुन्हा खुर्चीत बसले.

"आणि बाई, तुमच्यावरही कारवाई होईल. तुम्ही स्वतःच तसा कागद दिलाय."

"व्हायलाच हवी."

लेखनिक त्यांचा जबाब टाइप करू लागला. बाईंनी मिस्त्रीकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत मघाची कीव नव्हती. ती गेलेली पाहून त्यांना बरं वाटलं, आणि तिच्या जागी जे आलं होतं ते बघणं जड गेलं.

"मला वाटायचं, तुम्ही माझं इंग्रजी सुधारताय," मिस्त्री म्हणाला. "भिंतीवरचा कागद आज घरी गेलो की काढणार."

"काढा," बाई म्हणाल्या. "मी तुमचं वाटोळं करणार होते, मिस्त्री. मला माफ करा असंही मी म्हणत नाही. तुम्ही लिहिलेलं बरोबर होतं. अक्षरन् अक्षर बरोबर होतं. एवढंच सांगायचंय."

प्रिंटरनं कागद बाहेर टाकला. लेखनिकानं तो सही करण्यासाठी बाईंसमोर सरकवला. जबाब इंग्रजीत होता, नीटनेटका. त्यात म्हटलं होतं की मूळ अहवालातील शब्दयोजना टंकलेखनाच्या ओघात अनवधानानं काहीशी बदलली गेली असण्याची शक्यता आहे. 'मे हॅव बीन सम्व्हॉट ऑल्टर्ड.' पोरगा भला होता. बाईंना जरा सावरून घ्यावं म्हणून त्यानं आपल्या परीनं मऊ लिहिलं होतं. अकरा वर्षं त्याच खुर्चीत बसलेल्या बाईला ते ओळखायला कितीसा वेळ लागणार?

"पेन्सिल द्या," त्या मिस्त्रीला म्हणाल्या.

मिस्त्री जरा थांबला. मग त्यानं कानावरची पेन्सिल काढून पुढे केली. बाईंनी छापलेल्या परिच्छेदावर आडवी काट मारली आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आय न्यू. आय चेंज. वुमन हर्ट.' 'न्यू'च्या, म्हणजे 'कळत होतं'च्या, खाली तीन रेघा ओढल्या. तिसरी इतकी जोरात, की पेन्सिल कागदात रुतली. मग सही केली.

लेखनिकानं तो कागद उचलून वाचला आणि ओशाळून निरीक्षकांकडे पाहिलं. "मॅडम, भाषा थोडी... म्हणजे सरकारी फायलीत जायचंय हे. अर्थ तोच ठेवून मी नीट टाइप करून देऊ का?"

बाईंनी पंजा सपाट करून कागदावर ठेवला.

"हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "ह्याची फेअर कॉपी होणार नाही."